सहेलीवाचूनचा डाव

अगं, परवा रात्री साडेअकराला तुझा मेसेज आला, "आत्या, सहेली मिळाली!", आणि खाली पानाचा फोटो. मला मनापासून आनंद झाला. सकाळी कॉफीचं डिकॉक्शन लावायला उठले तर दुसरा मेसेज येऊन पडलेला: मागवायच्या बावीस पानांची यादी आणि तळाला बेरीज. ती बेरीज बघून हे लिहायला बसले. तोंडी सांगितलेलं तू "हो हो" करत ऐकतेस आणि मल्लेश्वरमहून इंदिरानगरला पोचेपर्यंत विसरतेस. कागद डेकच्या डब्यात राहील.

यादी आधी बाजूला ठेव. मॅजिकमध्ये नवं लेजंडरी क्रीचर हाती आलं की प्रत्येकाचं हेच होतं, आधी खरेदी आणि मग वाचन. तू उलटं कर. पान टेबलावर ठेव, हातात पेन्सिल घे आणि त्यावरचा मजकूर वहीत उतरवून काढ. शाळेत कविता उतरवायचीस तसा, एकही शब्द न गाळता.

सहेलीच्या पानावर दोनच गोष्टी आहेत. आर्टिफिसर किंवा आर्टिफॅक्ट कास्ट केलं की एक एनर्जी मिळते. आणि आपल्या पाळीत लढाई सुरू होताना तीन एनर्जी मोजल्या तर आपल्याच एखाद्या पर्मनंटची नक्कल करता येते. ती नक्कल ५/५ ची आर्टिफॅक्ट क्रीचर होते, लगेच हल्ल्याला जाऊ शकते आणि पाळी संपताना तिचा बळी द्यावा लागतो. बस, एवढंच.

आता चार शब्दांखाली रेघ मार. पहिला "कास्ट". नक्कल टेबलावर येते, पण ती कास्ट होत नाही, म्हणून तिची एनर्जी मिळत नाही. गेल्या शनिवारी समोरच्या मुलाचं डेक उसनं घेऊन खेळताना तू याच जागी अडली होतीस. दुसरा शब्द "लढाई सुरू होताना". म्हणजे एनर्जी देणारी पानं हल्ल्याआधी खेळायची. हल्ला करून मग निवांत आर्टिफॅक्ट टाकायची तुझी सवय या डेकला चालणार नाही. तिसरा "पर्मनंट", म्हणजे टेबलावर टिकणारं कुठलंही पान. इथे फक्त क्रीचरची नक्कल करा असं लिहिलेलं नाही. आर्टिफॅक्ट चालेल, एन्चँटमेंट चालेल, गरज पडली तर लँडसुद्धा चालेल. मात्र सहेलीची स्वतःची नक्कल करू नकोस. एका नावाची दोन लेजंडरी एकाच खेळाडूकडे राहत नाहीत, एकीला जावंच लागतं. आणि चौथा शब्द "बळी". हा शब्द वाचून बरेच जण हळहळतात, पण तुझी खरी कमाई त्यातच आहे.

सॉलेम सिम्युलॅक्रम घे. ते जुनं राखाडी पान, ज्याला सगळे सॅड रोबो म्हणतात. चार मॅनाचं आर्टिफॅक्ट क्रीचर. टेबलावर आलं की डेकमधून एक बेसिक लँड काढून देतं आणि मेलं की एक पान ओढू देतं. सहेली टेबलावर असताना ते कास्ट केलंस: लँड मिळाली आणि एक एनर्जी मिळाली. लढाई सुरू झाली, साठवलेल्या तीन एनर्जी दिल्यास, त्याची नक्कल आली: दुसरी लँड मिळाली. नक्कल ५/५ होऊन हल्ल्याला गेली. पाळी संपली, बळी गेला: एक पान हातात आलं. आणि मूळचा रोबो अजून जागेवर उभा आहे, पुढच्या पाळीला पुन्हा नक्कल करायला. जे पान येतानाही देतं आणि जातानाही देतं, ते सहेलीचं पान.

आता व्हर्लर व्हर्च्युओसो बघ. तीन मॅनाचं, निळं-लाल. ते आर्टिफिसर आहे, म्हणून कास्ट करताना सहेलीमुळे एक एनर्जी. टेबलावर येताना त्याच्या स्वतःच्या तीन. झाल्या चार. लढाईला तीन दिल्यास, नक्कल आली आणि तिनं पुन्हा तीन दिल्या. म्हणजे पाळीच्या शेवटी हातात चारच्या चार एनर्जी, आणि मधे एक ५/५ चा हल्ला फुकटात झाला. रोग रिफायनरचं गणित जरा वेगळं: त्याची नक्कल एक पान देते आणि दोन एनर्जी परत करते, तीन दिल्या की दोन परत. म्हणजे एका एनर्जीत एक पान आणि एक हल्ला. तुझ्या यादीतल्या प्रत्येक पानाचा असा हिशोब वहीत मांड. मांडता आला नाही तर ते पान का मागवतेस ते स्वतःला विचार. मी यादी बघितली आहे. बावीसपैकी नऊ पानांचा हिशोब मलाही मांडता आला नाही.

आता मुख्य गोष्ट.

कमांडर या प्रकारात १०० पानं. एक कमांडर, म्हणजे तुझी सहेली, बाकी ९९, आणि बेसिक लँड सोडल्या तर कुठलंच पान दुसऱ्यांदा घ्यायचं नाही. ९९ मधलं एखादं नेमकं पान पहिल्या दहा पानांत यायची शक्यता दहात एक. हमखास हाताशी असतं असं पान एकच, कमांडर. म्हणून सगळे तिच्याभोवती डेक रचतात, आणि फसतातही त्याच कारणानं. ती कायम हाताशी आहे असं धरून ९९ च्या ९९ पानं तिच्या तोंडाकडे बघत बसतात. मग समोरच्यानं तिला मारलं की पुन्हा कास्ट करायला दोन मॅना जास्त, तिसऱ्यांदा चार जास्त. टेबलावर चौघं असतात. तिघांपैकी एकाकडे तरी तिच्यासाठी राखून ठेवलेलं पान असणारच, कारण तेही तिचा मजकूर वाचू शकतात. तिसऱ्या वेळी ती परत येते तेव्हा डाव हातातून गेलेला असतो आणि तुझ्या हातात सात पानं, तिच्यावाचून एकाचाही उपयोग नाही.

आबांच्या ट्रंकेतला गंजिफांचा डबा तू लहानपणी पाहिला आहेस, सावंतवाडीचा, लाखेचा. दशावतारी गंजिफा. १२० गोल पानं, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा. आबांनी मला आणि तुझ्या बाबांना त्या गंजिफांवरच पत्ते शिकवले. तिघं भिडू, प्रत्येकाला ४० पानं. दिवसा खेळायला बसलं की रामाचा राजा ज्याच्याकडे त्याची उतारी, दिवेलागणीनंतर कृष्णाचा राजा ज्याच्याकडे त्याची. वाटलेली पानं उचलून आम्ही आधी राम शोधायचो. तिघांत एकाकडेच तो यायचा. नाही आला की तुझे बाबा रुसून पानं खाली टाकायचे. आबा ती उचलून पुन्हा त्यांच्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "राम दुसऱ्याकडे गेला, तुझ्याकडे ३९ नाहीत का रे?" खरं तर ४० असायची, पण आबा असंच म्हणायचे. मग ते पडलेली पानं मोजायला शिकवायचे: कुठल्या अवताराचा राजा गेला, प्रधान अजून कुणाकडे अडलाय, आणि कुठल्या रंगांत एक्का मोठा नि कुठल्यांत दहा.

तुझ्या ९९ पानांना मी तोच प्रश्न विचारणार आहे.

म्हणून आकडे लिहून ठेव. लँड ३७. सदतीसच. तू ३२ लिहिल्यास, कारण लँड कमी केल्या की मजेची पानं जास्त बसतात. पण ३७ लँड असताना पहिल्या सात पानांत सरासरी अडीचच्या थोड्या वर येतात. ३२ वर उतरलीस की सव्वादोन. कागदावर फरक छोटा दिसतो. टेबलावर मात्र तो तिसऱ्या पाळीला "लँड नाही, पास" असा ऐकू येतो, आणि ते ऐकत बसण्यासाठी कुणी शनिवारी मेट्रो बदलून येत नाही. लवकर मॅना देणारी पानं, ज्यांना आपण रॅम्प म्हणतो, ती अकरा. सोल रिंग, आर्केन सिग्नेट, कल्टिव्हेट या जातीची. दहा ठेवलीस तर पहिल्या सातांत किमान एक यायची शक्यता निम्म्याहून जराशीच जास्त, ५४ टक्क्यांच्या आसपास. म्हणून अकरा, आणि त्यातली जमेल तितकी दोन मॅनाची. पानं ओढून देणारी दहा. समोरच्याचं काही मोडणारी नऊ. त्यात बीस्ट विदिन असू दे, ते कशालाही लागू पडतं, आणि एक-दोन सगळं टेबल साफ करणारी असू देत, ब्लास्फेमस ॲक्टसारखी.

बेरीज कर: ६७. उरली ३२. नव्या राणीच्या वाट्याला ९९ मधली ३२ पानंच येतात. तीही अशी निवड की निम्म्यांना तिच्यावाचून आपापलं काम असेल. सॅड रोबो सहेली नसतानाही लँड देतो. रिफायनर ती नसतानाही पान ओढून देतो. पॅनहार्मोनिकॉन मात्र एकटं काही करत नाही. येताना काही देणारं क्रीचर किंवा आर्टिफॅक्ट आलं की त्याचं देणं ते दुप्पट करतं, आणि व्हर्च्युओसोच्या नकलेबरोबर सहा एनर्जी मिळताना बघून कुणालाही भुरळ पडेल. ठेव, पण एकच. त्या जातीची चार पानं तुझ्या यादीत आहेत, आणि चारही एकदम हातात आली तर तू बसल्या जागी हरतेस.

तीन रंगांचं डेक असल्यामुळे लँडकडे नीट बघ. हिरवा, निळा, लाल. कमांड टॉवर हवाच, एथर हब हवाच, कारण तो येताना एनर्जीही देतो. टॅप होऊन येणाऱ्या लँड स्वस्त मिळतात म्हणून पंधरा भरू नकोस, सहा-सातवर थांब. बाकी बेसिक. हिरव्याच्या जरा जास्त, कारण रॅम्पची बरीच पानं हिरवी आहेत आणि ती दुसऱ्या-तिसऱ्या पाळीलाच खेळायची आहेत.

सहेलीच्या संरक्षणासाठी स्विफ्टफूट बूट्स घे. दोन मॅनाचे, ती टेबलावर असताना कास्ट केलेस तर तेही आर्टिफॅक्टच, म्हणजे एनर्जी देतात. तुझ्या यादीत लाइटनिंग ग्रीव्ह्ज आहेत. ते चांगले, फुकटात चढतात, पण त्यांच्यात एक खोच आहे. बूट्स घातलेल्या क्रीचरवर फक्त समोरचा नेम धरू शकत नाही. ग्रीव्ह्ज घातलेल्यावर तूही धरू शकत नाहीस. नक्कल करायला नेम धरावा लागतो. ग्रीव्ह्ज व्हर्च्युओसोला चढवलेस तर त्या पाळीत तो तुलाच मिळणार नाही. म्हणून ग्रीव्ह्ज कायम सहेलीच्या पायात.

ही सहेली नवी असली तरी आपली ओळख जुनी आहे. २०१६ साली कलादेश नावाचा संच आला, भारतीय वळणाची नावं, कपडे, दागिने असलेलं जग. एनर्जी तेव्हाच पहिल्यांदा आली. सहेली राय त्यातली, तेव्हा ती प्लेन्सवॉकर होती, निळी-लाल. २०२५ च्या फेब्रुवारीत एथरड्रिफ्ट संच आला, त्यात त्या जगाचं नाव बदलून आविष्कार झालं, आणि त्याच्या सोबतच्या तयार डेकची ही म्होरकी, सहेली, रेडियंट क्रिएटर. आविष्कार म्हटलं की हिंदीवाल्यांच्या मनात शोध येतो, यंत्र येतं. आपण मराठीत गाण्याचा आविष्कार म्हणतो, चित्राचा म्हणतो, आतलं बाहेर येणं. मला हा मराठी अर्थ तिला जास्त शोभतो असं वाटतं. पितळेच्या तारांतून पाखरं घडवणारी बाई आहे ती.

जुन्या सहेलीचा एक किस्सा तुला माहीत असायला हवा. २०१७ च्या जानेवारीत फेलिडार गार्डियन नावाचं पांढरं मांजर आलं. ते टेबलावर आलं की आपलं दुसरं एखादं पर्मनंट बाजूला ठेवून लगेच परत आणतं. आता जोड: सहेलीनं मांजराची नक्कल करायची, नकलेनं सहेलीला बाजूला ठेवून परत आणायचं, ती ताजी होऊन आली की पुन्हा नक्कल. संपतच नाही. हजार मांजरं, सगळी लगेच हल्ल्याला तयार. पान बनवणाऱ्यांच्या चाचण्यांतून ही जोडी निसटली होती, आणि एप्रिल २०१७ मध्ये त्या मांजरावर स्टँडर्ड स्पर्धांत बंदी आली. पुढे जानेवारी २०१८ मध्ये रिफायनरवरही आली. कमांडरमध्ये यातल्या कशावर बंदी नाही. मांजर पांढरं आहे म्हणून तुझ्या तीन रंगांत बसत नाही, एवढंच. जुनी सहेली मात्र बसते. दोघींची नावं वेगळी, म्हणून दोघी एकदम टेबलावर राहू शकतात. मी हे एवढ्यासाठी सांगते की आयुष्यभर पानं घडवणाऱ्यांनाही दोन पानांतला मजकूर एकमेकांत कसा अडकतो ते दिसलं नव्हतं. तुझं डेक झालं की तूही शोध. न संपणारी जोडी सापडली तर ठेवायची की काढायची ते तू ठरव, पण ठेवलीस तर खेळायला बसण्याआधी तिघांना सांग.

बसण्याआधीचं बोलणं हा या खेळाचा अर्धा भाग आहे. कमांडर हा प्रकार दुकानातून आलेला नाही, खेळणाऱ्यांनी घरगुती जमवला. अलास्कात ॲडम स्टेली आणि त्याच्या मित्रांनी तो सुरू केला, १९९४ च्या लेजंड्स संचातले पाच एल्डर ड्रॅगन सेनापती म्हणून घेऊन. शेल्डन मेनेरी यांनी तो जगभर नेला, पंचांना शिकवला, नियम सांभाळले. पानं बनवणाऱ्या कंपनीची तयार डेक पुढे २०११ मध्ये आली. मेनेरी २०२३ च्या सप्टेंबरमध्ये गेले. समोरच्या तिघांची संध्याकाळही आपल्या हातात आहे, हे त्यांनी कायम सांगितलं, आणि मला या खेळात धरून ठेवलं ते याच विचारानं. आता २०२५ पासून डेकच्या ताकदीच्या पाच पायऱ्या ठरवून दिल्या आहेत. तुझ्या डेकला मी दुसरी-तिसरी म्हणेन. खरं ते सांग. कमी सांगून जिंकलीस तर पुढच्या शनिवारी तुला कुणी खुर्ची ओढून देणार नाही.

आणि टेबलावर मराठी बंद. हे मी तुला दोनदा सांगितलं आहे. आपल्या टेबलावर एक हुबळीचा, एक कोइंबतूरची. आपण दोघी मराठीत "याचं आधी मोड" असं कुजबुजलो की त्या दोघांनी काय करायचं? हुबळीच्याला तर मराठी कळतंही, तो सभ्यपणे ऐकलं नाही असं दाखवतो. इंग्रजी बोल, कन्नड शिक. "स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी" एवढ्यावर आठ महिने काढलेस, आता निदान "तुझी पाळी", "थांब", "दाखव ते पान" एवढं तरी शिकून घे. मी १९९६ साली या शहरात आले तेव्हा ऑफिसातल्या एकानं अमेरिकेहून आणलेल्या पानांवर जेवणाच्या सुट्टीत मला हा खेळ शिकवला, कन्नडमिश्रित इंग्रजीत. माझं निम्मं कन्नड त्या टेबलावरचं आहे.

आता खरेदी. एकही पान लगेच घेऊ नकोस. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून पानांचे प्रिंट काढ, ६३ बाय ८८ मिलिमीटर, साध्या कागदावर. काप, आणि स्लीव्हमध्ये बेसिक लँडच्या पुढे सरकव. आपल्या घरगुती टेबलावर याला कुणाची हरकत नाही, फक्त आधी सांगायचं. दहा डाव असे खेळ. प्रत्येक डावानंतर वहीत दोन रकाने कर: कुठलं पान हातात अडून राहिलं, आणि कुठलं यावं म्हणून जीव टांगणीला लागला. दहा डावांत तीनदा अडलेलं पान काढ. मग उरलेल्यांपैकी खरी विकत घे, महिन्याला चार-पाच.

महागडं पान म्हणजे गुंतवणूक असं तुला कुणी सांगेल. ऐकू नकोस. सप्टेंबर २०२४ मध्ये मॅना क्रिप्ट, ज्वेल्ड लोटस आणि डॉकसाइड एक्स्टॉर्शनिस्ट या तीन महागड्या पानांवर कमांडरमध्ये एका दिवशी बंदी आली, आणि ज्यांनी ती जपून ठेवली होती त्यांच्या हातात रंगीत कागद उरला. तुझ्या पगारातून बाजूला पडतात ते पैसे वेगळे. पानांचे पैसे म्हणजे सिनेमाचे, दोशाचे पैसे, तेवढेच.

खोटी पानं फार फिरतात. मी एकदा एका विक्रेत्याकडून चांगली किंमत मोजून घेतलेलं पान खोटं निघालं, आणि घरी येऊन बघेपर्यंत कळलं नाही. तेव्हापासून पर्समध्ये सराफाचं भिंग असतं. चिकपेटला मिळतं, तू घे. पानाच्या पाठीवर पाच रंगांचे ठिपके आहेत ना, त्यातला हिरवा भिंगाखाली धर. खऱ्या पानात त्या हिरव्यात चार बारीक लाल ठिपके दिसतात, तीन एका ओळीत आणि चौथा काटकोनात खाली, इंग्रजी एल अक्षरासारखे. खोट्यात ते नसतात किंवा फिसकटलेले असतात. विकणाऱ्यासमोरच बघ. प्रामाणिक माणूस रागावत नाही.

इथल्या पावसाचं तुला अजून कळायचंय. जून ते ऑक्टोबर हवा ओली असते, आणि चकचकीत फॉइलची पानं कमानीसारखी वाकतात. वाकलेलं पान पिसताना ओळखू येतं, म्हणजे नकळत का होईना, लबाडी. माझ्या जुन्या घरात भिंतीच्या कपाटाला ओल आली आणि एका पावसाळ्यात दोनशेच्या वर पानं एकमेकांना चिकटली. वाफ देऊन, ब्लेडनं, जे सुटेल ते सोडवलं. बाकी टाकून द्यावी लागली. म्हणून डेकला फॉइल घेऊच नकोस, सहेलीचं पानही साधं असेल तर उत्तम. स्लीव्ह सगळ्यांना एकाच पाकिटातल्या. डबा घट्ट झाकणाचा, आत बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या दोन पुड्या. आणि टेबलावर बाय-टू कॉफी आली की पेला डाव्या हाताला, पानांपासून लांब. ब्राह्मण्स कॉफी बारसमोर उभ्यानं पितो तेव्हा पितळी वाटीभर सांडली तरी चालते, इथे थेंबही नको.

अजून एक. म्हैसूरला मुम्मडी कृष्णराज वडेयर यांनी एकोणिसाव्या शतकात स्वतः गंजिफांचे नवे खेळ रचले, त्यातला सर्वात मोठा ३६० पानांचा. एवढ्या पानांचा ढिगारा समोर घेऊन कुठलं कुणाच्या हाताखाली बसतं याचा विचार करणारा राजा आपल्यापासून दीडशे किलोमीटरवर होऊन गेला. दसऱ्याला जाऊ तेव्हा आबांचा डबाही बरोबर घेऊ. सावंतवाडीच्या राजवाड्यात शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी ही कला पुन्हा उभी केली नसती तर आबांना तो डबा मिळाला नसता.

तर या शनिवारी चारला ये. ग्रीन लाइननं संपिगे रोडला उतर, आठव्या क्रॉसवरून चालत. झेरॉक्सची ९९ पानं स्लीव्ह चढवून आण, लँड ३७ मोजून. तांदळाची बोरं केली आहेत, पण ती खाऊन हात धुतल्याशिवाय पानांना हात नाही. हुबळीचा आणि कोइंबतूरची दोघंही येणार आहेत, त्यांना मी कल्पना दिली आहे.

आणि सहेली आल्या आल्या माझ्याकडे दे. पहिले दोन डाव ती आबांच्या डब्यात, रामाच्या राजाशेजारी राहील. तिच्यावाचून सात पाळ्या टिकलीस आणि कुणाला तरी दमवलंस, तर तिसऱ्या डावाला ती तुझी.

आत्या